कमलबाईंचं लोखंड

कुठल्याही खोलीत शिरताना कमलबाई उंबऱ्यावर थांबायच्या, दोनदा नाक ओढून हवेचा वास घ्यायच्या आणि मगच आत यायच्या. लग्नघर असो, बँक असो, नाहीतर दवाखाना. अनोळखी लोकांना वाटायचं, बाईंना सर्दी आहे. ओळखीचे चेष्टा करायचे. बाईंवर त्याचा काही परिणाम व्हायचा नाही. "डोळं फसत्यात, कान फसत्यात," त्या म्हणायच्या, "नाकाला आजून कुणी फशिवलं न्हाई."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही उंबऱ्यावरच. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी निर्वात यंत्र सांभाळायला होतो. पोलादी भांडं, पंप, नळ्या, झडपा, आणि आत अवकाशात असते तशी पोकळी. एका सकाळी आमचे साहेब एका बाईंना घेऊन आले. चाळिशीच्या आतबाहेर, काळ्यासावळ्या, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात स्टीलचा जेवणाचा डबा. त्या दारात थांबल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "साहेब, हितं जवळ गोठा हाय का?"

तिथं आम्ही पाच-सहाजण होतो. सगळे हसले. साहेब म्हणाले, "बाई, ही प्रयोगशाळा आहे."

"ते दिसतंय की. मी वासाचं इचारलं."

उत्तर मला माहीत होतं. बाजूच्या खोलीत मी यंत्रात बसवायच्या धातूच्या पट्ट्या अमोनियाच्या पाण्यात धूत होतो. रोजचंच काम. आमची नाकं त्याला इतकी सरावली होती की तो वास आम्हाला येतच नव्हता. पुढं जे जे घडलं, ते त्या सकाळच्या एका प्रश्नात होतं. फक्त बाईंना त्याचं उत्तर शोधायला दोन वर्षं लागली, आणि मला ते कागदावर लिहायला अठरा.

साहेबांचं नाव मी इथं लिहिणार नाही. भीतीपोटी नव्हे. ते नाव छापून येण्याची त्यांना आयुष्यभर फार हौस. तेवढी माझ्या हातून भागायला नको.

कमलबाई आंबेगाव तालुक्यातल्या. डिंभे धरणाच्या फुगवट्यापलीकडं, जिथं भात आणि नाचणी होते आणि पुढं सह्याद्रीचा कडा लागतो, त्या बाजूच्या डोंगरातलं गाव. घरचे हिरडा गोळा करून विकायचे. तालुक्याच्या एका कॉलेजात बाई रसायनशास्त्र शिकवायच्या, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढी मजुरी, आणि दर जूनमध्ये नव्यानं विनवणी. नोकरीत कायम होण्यासाठी त्यांना पीएच.डी. हवी होती. साहेब त्यांचे मार्गदर्शक.

त्या रसायनशास्त्राकडं वळल्या कशा, हे मी एकदा विचारलं होतं.

"हिरड्याचं पाणी कोयत्याला लागलं की कोयता काळा पडतो," त्या म्हणाल्या. "बा म्हणायचा, कोयता बाटला. मी म्हणायचे, बा, कोयता तोच हाय, शेजार बदलला. बानं एक ठिवून दिली. पर माझं बराबर व्हतं."

हे त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य. पोरांना शिकवताना, भांडताना, बसची वाट बघतानासुद्धा त्यांच्या तोंडी असायचं: "लोखंड तेच. शेजारी कोण बसलंय ते बघा."

आणि त्यांचं संशोधनही नेमकं हेच होतं. बाई एक गडद निळी पूड तयार करायच्या. तिचा प्रत्येक रेणू चपटा, ठिपक्यांच्या रांगोळीसारखा चारी बाजूंनी सारखा, आणि मधोमध लोखंडाचा एकच अणू. तो एकटा अणू म्हणजे एक चुंबक. हा रेणू सोन्याच्या पत्र्यावर ठेवला तर त्याचं चुंबकत्व टिकतं का? आणि टिकलं तर आपल्या मर्जीनं ते घालवता आणि परत आणता येतं का? येत असेल, तर एकेका रेणूत माहिती साठवता येईल. देशोदेशीचे लोक याच्या मागं होते. साहेबही होते.

आमच्या यंत्रात एक सुई होती, टोकाला अणूइतकी बारीक. भांडं अतिथंड करायचं, सुई एका रेणूवर आणून थांबवायची, विजेचा दाब बदलत जायचा आणि पडद्यावर आलेख बघायचा. रेषेत एका जागी छोटी खाच पडली तर समजायचं, लोखंडाचं चुंबकत्व शाबूत आहे. रेष सपाट आली तर गेलं. बस्स, एवढंच. तीन मजली इमारत, कोट्यवधींचं सामान, आणि सगळ्यांचे डोळे नखाएवढ्या खाचेवर.

बाई महिन्यातून एकदा एसटीनं यायच्या. निळ्या पुडीच्या कुप्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून त्या जेवणाच्या डब्यात आणायच्या. वरच्या पुडात भाकरी आणि ठेचा, खालच्या पुडात संशोधन. मला म्हणायच्या, "भाऊ, पुडं बदलू नका, न्हाईतर साहेबांच्या सोन्यावर ठेचा जाईल."

आता अडचण सांगतो. एका महिन्यात खाच स्वच्छ दिसायची. पुढच्या महिन्यात रेष सपाट. मग पुन्हा खाच. मग दोन महिने सपाट. पूड तीच, सोनं तेच, सुई तीच. साहेबांनी निदान केलं ते पहिल्याच अपयशात आणि पुढं ते बदललं नाही. "बाई, तुमचा माल गावठी आहे. शुद्ध करून आणा." परदेशी पाहुण्यांसमोरही ते हेच इंग्रजीत म्हणाले आणि हसले. बाई पूड पुन्हा शुद्ध करायच्या. तीनतीनदा, चारचारदा. कॉलेजच्या गळक्या नळाच्या पाण्यावर त्यांनी ते केलं. तरी मध्येच रेष सपाट यायची.

विद्यार्थी म्हणायचे, "मॅडम, रेणू मेला."

बाई चिडायच्या. "मेला न्हाई, झोपलाय. कुणीतरी त्याच्या मानगुटीवर बसलंय. कोण ते हुडकायचं."

मानगुटीवर मी बसलो होतो.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. यंत्रात नवा नमुना घालायचा तर आधी भांडं तापवावं लागतं. पोलादाला तापणारे पट्टे गुंडाळायचे, वरून चांदीसारखा कागद लपेटायचा आणि दोन दिवस हळूहळू तापवत ठेवायचं. भिंतींना चिकटलेली वाफ, वायू, सगळं सुटून बाहेर पडतं. त्या दोन दिवसांत माणूस जागेवर हवा, असा नियम होता. हे काम शनिवारी-रविवारी माझ्याकडं असायचं. सोमवारी मी यंत्राच्या डायरीत लिहायचो, "अठ्ठेचाळीस तास तापवले," आणि खाली सही करायचो.

माझी जमीन येडगावला, धरणाखाली, कालव्याला लागून. कालव्याला आवर्तन आलं, म्हणजे धरणातून पाणी सुटलं, की पाण्याची पाळी लागायची. पाळी शनिवारी आली तर शनिवारीच दारं धरायला, वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला लागतं, कालवा माझ्या नोकरीसाठी थांबत नाही. घरी दुसरं कुणी नव्हतं. त्या आठवड्यांत मी भांडं न तापवता गावी जायचो. कांदा भिजवायचो, सोमवारी पहाटेची एसटी धरायचो आणि डायरीत लिहायचो, "अठ्ठेचाळीस तास तापवले." दोन वर्षांत सात वेळा. मला वाटायचं, एवढ्यानं काय होतंय. पंप चालूच आहे की.

धुतलेल्या धातूच्या पट्ट्यांवरून भांड्यात गेलेला अमोनिया तसाच आत राहायचा. थंड केलं की तो थंड जागेवर, म्हणजे रेणूंवर जाऊन बसायचा. नेमका लोखंडाच्या डोक्यावर.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते असं. मार्चमधला शनिवार होता. मी गुडघ्यापर्यंत पँट दुमडून वाफ्यात उभा, हातात फावडं. बांधावरून आवाज आला, "काय पावणं, यंत्र तापतंय का?"

कमलबाई. डोक्यावर पदर, हातात तोच डबा. डोंगरातून मंचर, मंचरहून नारायणगाव आणि तिथून जीपनं येडगाव. माझ्या हातातलं फावडं निसटलं.

"तुम्ही इथं कशा, बाई?"

"तुमच्या चपला बघून आले."

त्या बांधावर बसल्या आणि हिशेब लावून दाखवावा तसं सांगायला लागल्या. प्रयोगशाळेच्या दाराशी आम्ही सगळे चपला काढायचो. बाई येऊन वास घ्यायला थांबायच्या, तेव्हा नजर खाली चपलांवर असायची. काही सोमवारी माझ्या चपलांना ओला काळा चिखल असायचा. "पावसाळ्यात आसंल तर मी समजू शकते. पर डिसेंबरात चिखल? मार्चात चिखल? पुण्यात कुटं हाय एवढा चिखल, भाऊ? मग माझ्या वहीत बघितलं. ज्या सोमवारी चपलाला चिखल, त्या आठवड्यात रेष सपाट. सातच्या सात येळा. काल पेपरात वाचलं, तुमच्या येडगावच्या कालव्याला पाणी सुटलं. म्हनलं जाऊन बघावं."

मी वाफ्यातच उभा. पाणी दुसऱ्या वाफ्यात फुटून चाललं होतं.

"पाणी बघा आधी," बाई म्हणाल्या. "कांद्याचं नुसकान नको. मी काय पळून चालले न्हाई."

मी दार बांधलं आणि त्यांच्यासमोर येऊन हात जोडले. साहेबांना सांगू नका म्हणालो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बाईंच्या डोळ्यांत राग होता. दोन वर्षं त्यांना गावठी म्हणून हिणवलं गेलं, ते माझ्या कांद्यापायी. आणि मग एकाएकी तो राग बाजूला सरला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं.

"भाऊ, त्या दिवशी त्या खोलीत गोठ्याचा वास कशाचा व्हता?"

"अमोनियाचा. पट्ट्या धुतो मी त्यात."

बाई उठून उभ्या राहिल्या. बांधावर दोन पावलं पुढं, दोन पावलं मागं. "म्हंजे अमोनिया वर बसला की झोपतोय. तापवून उठिवला की जागा हुतोय. अवो, तुमी चूक न्हाई केली, तुमी प्रयोग केला. फकस्त तुमाला ठावं नव्हतं." आणि हसल्या, अशा हसल्या की शेजारच्या रानातला माणूस वळून बघायला लागला. "आता आपुन तीच चूक मुद्दाम करायची. बराबर मापून."

त्यांनी मला साहेबांकडं उघडं पाडलं नाही. हे मी तीनदा लिहिलं तरी कमीच.

साहेब तेव्हा तीन आठवडे परदेशात होते. बाई सोमवारी आल्या आणि माझ्या डायरीच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं: भांडं पूर्ण तापवून घेणे, खाच बघणे, मग बारीक झडपेतून अमोनिया मुद्दाम सोडणे, पुन्हा बघणे, नमुना गरम करून अमोनिया घालवणे, पुन्हा बघणे. खाली तारीख आणि सही. अक्षर मराठी शाळेतल्या बाईंसारखं, गोल आणि टपोरं.

त्या आठवड्यात मी भांडं खरोखरच अठ्ठेचाळीस तास तापवलं. घरी पाळी चुकली. कांद्याचे दोन वाफे वाळले. वाळू दिले.

सोमवारी अकराच्या सुमारास खाच दिसली. मी झडप पावपाव वळणानं उघडली. थोडा वेळ गेला आणि पडद्यावरची रेष सपाट झाली. नमुना बाहेरच्या खणात ओढून मी गरम केला, परत थंड केला, सुई पुन्हा आणली. दुपारचे साडेतीन झाले असतील. खाच परत आली. बाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. मग म्हणाल्या, "आणखी एकदा." आम्ही चार दिवसांत पाच वेळा ते लोखंड झोपवलं आणि उठवलं. पाचव्या वेळेला त्या पडद्याकडं बघून लहान पोराला दटावावं तशा म्हणाल्या, "ऊठ रे. उठला का? आता नीज."

मी आयुष्यात खूप यंत्रं पाहिली. एवढा आनंद कुठल्याही माणसाच्या तोंडावर पाहिला नाही.

साहेब परत आले. बाईंनी सगळं सांगितलं, माझी चूक तेवढी वगळून. अमोनियाचा संशय कसा आला, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "नाकानं." साहेबांनी पाठ थोपटली. आठ महिन्यांनी एका मोठ्या परदेशी नियतकालिकात लेख आला. साहेबांचं नाव, त्यांच्या दोन विद्यार्थ्यांची नावं. बाईंचा उल्लेख शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात, पूड पुरवल्याबद्दल. आणि लेखात एक वाक्य होतं की सुरुवातीच्या नमुन्यांत मूळ पदार्थाच्या अशुद्धतेमुळे अडथळे आले.

बाईंनी तक्रार केली. चौकशी समिती बसली. साक्षीदार मी एकटा.

आदल्या दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर माझी डायरी होती, आणि शेजारी गेटवरचं रजिस्टर.

"शनिवारी सकाळी तू गेटमधून बाहेर गेलास असं इथं दिसतं," ते शांतपणे म्हणाले. "डायरीत तू आत आहेस. यातलं खोटं कुठलं?"

मी रजिस्टर माझ्याकडं वळवून पाहिलं.

"असे सात शनिवार आहेत. मला चौकशी दोन लावता येतील किंवा एक. तुझ्यावर आहे."

त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. दोन वाक्यं. अमोनियाचा प्रयोग साहेबांनी परदेशातून दिलेल्या सूचनेनुसार झाला. आणि आधीची अपयशं कॉलेजकडून आलेल्या अशुद्ध पदार्थामुळे होती. मी सही केली. हात थरथरला नाही. तेच मला अजून लागतं, हात थरथरायला हवा होता. समितीनं डायरी मागितली नाही. माझी सही पुरली.

कागदावर सही करताना मला वाटलं होतं, बाईंचं फार तर एक नाव जाईल. त्यांचं सगळंच गेलं. पीएच.डी. त्या प्रयोगावर होती, ती थांबली. "अशुद्ध पदार्थ" ही बातमी कॉलेजात पोचली आणि पुढच्या जूनमध्ये तास दुसऱ्याला मिळाले. बाई डोंगरातल्या एका आश्रमशाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायला लागल्या.

त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. एकदाच, समितीच्या दारातून बाहेर पडताना जवळ आल्या, वास घ्यावा तसं नाक ओढलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या शेजारी कोण बसलंय ते कळलं मला."

मी निवृत्त झालो. संस्थेची नव्या इमारतीत हलवाहलव चालली होती. साहेब म्हणाले, जुन्या डायऱ्या रद्दीत घाल. बाकीच्या घातल्या. ती एक कांद्याच्या गोणीत घालून येडगावला आणली आणि कांदाचाळीच्या आढ्याला टांगून ठेवली. का आणली, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

त्यानंतर दर वर्षी, हिरड्याचा हंगाम संपला की नारायणगावच्या स्टँडवर माझ्या नावानं एक पुडकं यायचं. आत हिरड्याचं चूर्ण आणि वहीचा फाटका कागद. त्यावर तेच गोल अक्षर: "रोज सकाळी कोमट पाण्यातून घेणे. पोटात दडवलेलं बाहेर पडतं." बायको म्हणायची, किती जीव लावतात बाई तुम्हाला. मी पुडकं घेऊन चाळीकडं जायचो. अशी पंधरा पुडकी आली. बाईंना विसरणं नावाची गोष्ट ठाऊक नव्हती आणि त्यांनी मलाही विसरू दिलं नाही. लोक म्हणतात, माफ करावं म्हणजे मन हलकं होतं. बाईंचं मन मला कधी जड वाटलं नाही. ते धार लावून ठेवलेलं होतं.

सोळाव्या वर्षी पुडकं आलं नाही. मी घाबरलो. चौकशी केली, तर बाई आजारी. मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा मंचरला यायचं नि रक्त शुद्ध करून जायचं. मी गेलो. ओझरला विघ्नहराच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसलो, धीर गोळा केला आणि मग पुढची बस धरली.

बाई ओट्यावर बसल्या होत्या. हातापायांच्या काड्या. पुढ्यात सुपात हिरडे, निवडत होत्या. मी अंगणात पाऊल ठेवलं तर मान वर न करता दोनदा वास घेतला.

"कांदा," त्या म्हणाल्या. "या भाऊ. आवर्तन न्हाई का औंदा?"

मी ओट्याखाली बसलो आणि अठरा वर्षं घोकलेलं बोलायला लागलो. माझं चुकलं, मी भ्यालो, मला माफ करा. त्यांनी हातातला हिरडा सुपात टाकला.

"माफी घरी ठिवा. तिचं मी काय करू? डब्यात घालू?" दम लागला म्हणून थांबल्या. "डायरी कुटं हाय?"

"माझ्याकडं."

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "आं? माझं पान?"

"आहे. तुमची सही, तारीख, सगळं आहे."

"आन् तुमी कांद्याबरूबर टांगून ठिवलं." त्या हसल्या. त्या हसण्याऐवजी त्यांनी फटका दिला असता तर बरं वाटलं असतं. "आता आयका. डायरीत चूक दुरुस्त कशी करत्यात? तुमीच पोरांना शिकवायचा."

"खोडायचं नाही, पांढरं लावायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं. सही, तारीख."

"मग? जितं खोटं लिवलं, तितंच खरं लिवा. सात जागी. मग माझ्या पानासंगट ते सगळं त्या परदेशी मासिकाला पाठवा."

"तुमचं नाव लागेल, बाई."

"माझं लागंल तवा लागंल. आधी त्याचं निघू द्या." त्यांचे डोळे मार्चमध्ये बांधावर होते तसेच झाले. "दोनी झालं तर लई बेस."

निघताना त्यांनी सुपातले मूठभर हिरडे माझ्या रुमालात बांधले. "औंदाचं ऱ्हायलं व्हतं," म्हणाल्या.

मी घरी आलो आणि काहीच केलं नाही. हेही लिहिलंच पाहिजे. अडीच महिने डायरी समोर घेऊन बसायचो आणि पेन उचलवत नव्हतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला कोण काय करणार होतं? तरी उचललं नाही. आणि मग बाई गेल्या. आश्रमशाळेची पोरं आली होती, रीतसर दहन झालं. मी मागं उभा होतो. कुणी ओळखलं नाही.

महिन्याभरात पुण्याहून पत्र आलं. साहेबांच्या पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ निघतोय. सत्कार आहे. जुने सहकारी म्हणून आपण साहेबांचं एक व्यक्तिचित्र लिहून द्यावं, दोन-अडीच हजार शब्द, एखादा हृद्य प्रसंग अवश्य यावा.

पत्र वाचून झालं तेव्हा माझा हात थरथरत होता. अठरा वर्षं उशिरा का होईना, थरथरला. मी चाळीत गेलो, डायरी काढली आणि पेन उचललं.

व्यक्तिचित्र मागितलं होतं. हे लिहून पाठवलं. प्रसंगही घातला, गेट-रजिस्टरचा. संपादकांनी जागेअभावी परत केलं, म्हणून ते आता, पुढची भर घालून, इथं छापून येत आहे. डायरीच्या आठ पानांच्या प्रती त्या परदेशी नियतकालिकाला गेल्या. त्यांचं उत्तर आलं आहे. मूळ डायरी तपासायला मागवली आहे, आणि साहेबांकडं खुलासा.

गेल्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

"हे काय चालवलंस तू? तुझ्याच खोट्या नोंदी तू जगाला दाखवतोयस, कळतंय का? लोक तुझ्या तोंडावर थुंकतील."

"थुंकू द्यात साहेब. रांगेत तुम्ही माझ्या मागंच आहात."

"काय पाहिजे तुला? या वयात?"

"मला काही नको. बाईंना पाहिजे होतं."

"त्या तर वारल्या."

"म्हणून तर," मी म्हणालो. "आता त्यांना गप्प कसं बसवणार?"

पलीकडं नुसता श्वास येत राहिला. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाचा घाबरलेला श्वास. खोटं कशाला बोलू, आता खोटं लिहायची सोय राहिलेली नाही: तो ऐकून मला बरं वाटलं. फोन ठेवावासा वाटेना. सत्कार पुढं ढकलला, असं नंतर कळलं.

बाईंचं नाव लेखावर लागेल की नाही, मला माहीत नाही. ती मोठ्या लोकांची कामं, वेळ लागतो. माझं काम मी केलं आहे. सात सोमवार, सात आडव्या रेघा, खालचं वाचता येईल अशा. शेवटची नोंद अशी आहे. "अठ्ठेचाळीस तास तापवले," यावर रेघ. शेजारी:

"तापवले नाही. कालव्याला पाणी होतं, मी येडगावला कांदा भिजवत होतो. पूड शुद्ध होती. बाई बरोबर होत्या."

खाली माझी सही, आणि आजची तारीख.